एका ठिपक्यावरची बावीस माणसं

सकाळी रेडिओवरच्या बाईने सांगितलं, दुपारपासून शराव. शराव म्हणजे वाळवंटाकडून येणारी गरम, धुळीने भरलेली हवा. पेसाखचा सण संपला की शावुओतच्या सणापर्यंतच्या सात आठवड्यांत ती तीन-चारदा तरी येते, दोन दिवस ठाण मांडते आणि आली तशी निघून जाते. आभाळ पिवळट होतं. ऊन आहे की ढग आलेत ते सांगता येत नाही. मी झडपा अर्ध्यावर ओढल्या, खिडकीच्या कट्ट्यावरून ओलं फडकं फिरवलं, फडकं धुऊन परत आले तर कट्ट्यावर पुन्हा धूळ. या हवेत माझं डोकं चालत नाही. म्हणजे थांबतही नाही, नुसतं गोल फिरतं, आणि फिरत फिरत दरवेळी आमच्या रामला गावातल्या त्याच एका वर्षाच्या शरावपाशी जाऊन बसतं. वीस वर्षं होत आली, पण त्या वर्षी मी काय केलं आणि ते बरोबर केलं का, हे मला अजून उलगडलेलं नाही.

पप्पांच्या इमारतीमागे तेव्हा शेसेकचं झाड होतं. पिवळं, आंबटगोड, बोराहून थोडं मोठं फळ. त्यात बियाच इतक्या मोठ्या की खाण्यापेक्षा थुंकण्याचं काम जास्त. शरावात ती फळं दोन दिवसांत भराभर पिकायची आणि खाली पडून फुटायची. मग जिन्यात एक उबट, जरासा आंबूस वास भरून राहायचा. वस्तीतल्या हन्नामावशी कच्च्या शेसेकचं लोणचं घालायच्या आणि ते अगदी कैरीसारखं लागतं असं आम्हाला सांगायच्या. ते कैरीसारखं मुळीच लागत नसे. आम्ही मात्र सगळे माना डोलवायचो.

मी रोज रामल्याहून तेल अवीवला एका लहानशा कार्यालयात जात असे. आम्ही चौघं होतो आणि नकाशांचं काम करायचो. माझं काम सांगायला सोपं होतं: नकाशावर हद्दी आखलेल्या असत, त्यावर पत्त्यांचे ठिपके टाकायचे आणि कुठल्या हद्दीत किती ठिपके पडले ते मोजायचं. शाळा किती, दवाखाने किती, बसथांबे किती. पूर्वी हे एकेका हद्दीवर टिचकी मारून करत. मी त्या वर्षी त्यासाठी एक स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या सूचना, लिहिली. संध्याकाळपर्यंत चालणारं काम चहा होईपर्यंत होऊ लागलं. मला त्याचा फार गर्व झाला होता. घरी, दारी, बसमध्ये, ज्याला ऐकायचं नाही त्यालाही मी ते सांगत सुटले होते.

पप्पांनाही सांगितलं. ठिपका हद्दीच्या आत आहे की बाहेर हे संगणकाला दिसत नाही, त्याला डोळे नाहीत. म्हणून ठिपक्यापासून एक सरळ रेघ लांबवर काढायची आणि ती हद्द किती वेळा ओलांडते ते मोजायचं. विषम वेळा ओलांडली तर ठिपका आत, सम वेळा ओलांडली तर बाहेर. पप्पा पूर्वी ठाण्याच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरकीपर होते, हिशेबी माणूस. त्यांनी बशीतला चहा संपेपर्यंत विचार केला.

"मी गावाची वेस ओलांडून ठाण्याला आलो, ती एक," ते म्हणाले. "मग ठाणं सोडून हितं, ती दुसरी. सम झाली ना गो? म्हंजे मी बाहेर."

"पप्पा, ते माणसांसाठी नाही. ठिपक्यांसाठी आहे."

"मग माणसाचा ठिपका करता कशाला?"

मी हसले. तेव्हा मला प्रत्येक गोष्टीचं उत्तर येत होतं, फक्त याचं द्यायची गरज वाटली नाही.

या सात आठवड्यांत आमच्याकडे दिवस मोजतात. पेसाखच्या दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी आशीर्वाद म्हणून ओमेरचा दिवस मोजायचा, एकोणपन्नास होईपर्यंत. पप्पांचं ते कधी चुकत नसे. सूर्य मावळल्यावर कुणी विचारलं, आज कितवा, तर ते आजचा आकडा सांगत नसत. काल सतरावा होता, एवढंच म्हणत. कारण तोंडातून आजचा आकडा निघाला की मोजून झालं, मग आशीर्वाद कशावर म्हणणार? दिवसांच्या मोजणीत एवढे काटेकोर, पण माणसं त्यांनी कधी मोजली नाहीत. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. सिनेगॉगमध्ये ते जमलेत का हे बघायचं तर पप्पा एक, दोन, तीन करत नसत. प्रार्थनेतली दहा शब्दांची एक ओळ होती, ती एकेका माणसाकडे बघत एकेक शब्द करून म्हणायचे. ओळ पुरी झाली की सुरू करा. शब्द उरला तर दारात जाऊन उभे राहायचे आणि रस्त्यावर कुणी ओळखीचं दिसतं का ते बघायचे.

आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. पहिलं वर्षभर पप्पा घराबाहेर पडले ते फक्त सिनेगॉगसाठी. जेवायचे नाहीत असं नाही, पण ताटातलं बघत बसायचे. त्यांना पुन्हा माणसांत आणलं ते मोआदोनने. मोआदोन म्हणजे म्हाताऱ्या माणसांचा क्लब. वृद्धांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचा हा क्लब आमच्या वस्तीतच, एका इमारतीच्या तळमजल्यावर होता. एक लांबट खोली, एक खडखडणारा एअरकंडिशनर, प्लास्टिकच्या खुर्च्या, आठवड्यातून दोनदा येऊन ब्लडप्रेशर बघणारी नर्स. तिथे मोरोक्कोचे होते, जॉर्जियाचे होते आणि आमचे, ठाणे-पनवेल-अलिबागहून आलेले मराठी ज्यू होते. आमच्या लोकांनी तिथल्या स्वयंपाकघरात आल्याचा, दुधाचा चहा चालू केला आणि वर्षभरात मोरोक्कोच्या बायकांनाही तो लागू लागला.

पप्पांना तिथे काम होतं, हे सगळ्यांत महत्त्वाचं. आमच्या म्हाताऱ्यांना हिब्रू बोलता यायचं, प्रार्थनेचं पुस्तक वाचता यायचं, पण सरकारी पत्राची हिब्रू म्हणजे डोंगर. पप्पांनी ती शिकून घेतली होती. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सगळे आपापली पत्रं घेऊन पप्पांभोवती बसत. "सिनेगॉगमध्ये सोमवारी-गुरुवारी तोरा वाचतात, हितं विजेचं बिल," असं पप्पा म्हणायचे. तोरा म्हणजे आमचा धर्मग्रंथ. पत्र हिब्रूतून वाचायचं, मराठीतून सांगायचं, उत्तर लिहायचं असेल तर लिहायचं. त्या दोन सकाळी पप्पा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. मोआदोन बंद झाला तर पप्पा पुन्हा त्या ताटासमोर जाऊन बसतील, हे मला कुणी सांगायला नको होतं.

आणि त्याच वसंतात त्या संस्थेचं काम आमच्या कार्यालयात आलं. बऱ्याच गावांत त्यांचे क्लब होते. प्रत्येक क्लबची हद्द ठरलेली. सभासदांची यादी त्यांनी पाठवली. नावं नव्हती, नुसते पत्ते. कुठल्या हद्दीत किती सभासद राहतात ते मोजून द्या, जिथे साठापेक्षा कमी असतील तो क्लब शेजारच्या क्लबात मिळवू, असं पत्रात होतं. मला काळजी वाटली नाही. आमच्या मोआदोनला खोली भरून माणसं येतात हे मी डोळ्यांनी बघत होते.

अशा याद्यांत एकच नोंद पुन्हा पुन्हा आलेली असते. कुणीतरी फॉर्म दोनदा भरतं, कुणी टंकताना तीच ओळ चारदा टाकतं. म्हणून मी स्क्रिप्टमध्ये एक नियम घातला होता: एकाच घर क्रमांकावर दोनपेक्षा जास्त नोंदी असतील तर त्या चुकून आलेल्या समजायच्या आणि एकच ठेवायची. एका घरात म्हातारी माणसं किती असणार? फार तर नवरा-बायको. नियम शहाणपणाचाच होता, आजही मला तसंच वाटतं. स्क्रिप्ट चालवली, आकडे छापले, पाठवले. आमच्या मोआदोनच्या हद्दीत एकोणचाळीस आले. शेकडो ओळींत ती एक ओळ. मी ती बघितलीसुद्धा नाही.

पत्र आलं ते एका गुरुवारी, असाच शराव पडलेला असताना. मी रजेवर होते, पप्पांना औषधं द्यायला मोआदोनमध्ये गेले होते. पप्पांनी नेहमीसारखं पाकीट फोडलं, मोठ्याने हिब्रूत वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीवर थांबले. मग मनातल्या मनात शेवटपर्यंत वाचलं. नंतर चष्मा पुसला आणि मराठीतून सांगितलं की शावुओतनंतर हा मोआदोन बंद, रेल्वेपलीकडच्या मोठ्या मोआदोनमध्ये जायचं.

"रेल्वेपलीकडं?" हन्नामावशी म्हणाल्या. "मला हितून माझ्या जिन्यापर्यंत जायला दोनदा बसावं लागतं."

"का पण बंद?" कुणीतरी विचारलं.

"माणसं कमी आहेत म्हणतात," पप्पा म्हणाले. "एकोणचाळीसच."

सगळ्यांनी आपसूक एकमेकांकडे बघितलं. खोलीत बसायला खुर्ची उरली नव्हती. मी दाराला टेकून उभी होते आणि माझे कान तापले होते.

पुढच्या कामाच्या दिवशी मी कार्यालयात जाऊन आधी स्क्रिप्टने काढून टाकलेल्या नोंदी उघडल्या. आमच्या हद्दीत एकच पत्ता होता, बावीस वेळा आलेला. बावीस नोंदींची मी एक केली होती. तो पत्ता मी दोनदा वाचला, तिसऱ्यांदा वाचला. रस्ता ओळखीचा होता. घर क्रमांक ओळखीचा होता. ते पप्पांचं घर होतं.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. मोआदोन सुरू झाला तेव्हा आमच्या सगळ्यांचे फॉर्म पप्पांनीच भरले होते. पत्त्याच्या रकान्याशी आल्यावर ते विचारत, पत्र कुठं मागवू? आणि प्रत्येकाने तेच सांगितलं: तुमच्याकडंच मागवा, वाचणार तुम्हीच, मग हिकडून तिकडं वागवायचं कशाला? सरळ विचार. आमच्या लोकांखेरीज हे कुणाला सुचलं नसतं, आणि माझ्याखेरीज कुणी ते पुसलं नसतं.

मी योसीकडे गेले. योसी म्हणजे माझा साहेब. पण इथे साहेबाला साहेब म्हणत नाहीत, योसीच म्हणतात. त्याने ऐकून घेतलं, डोळे मिटले, कपाळ चोळलं.

"बाकीचे किती?" त्याने विचारलं.

"आमचा पत्ता सोडून अडतीस. आणि हे बावीस."

"म्हणजे बरोबर साठ. छान. पण बावीस माणसं एका घरात राहतात असं मी लिहून देऊ शकत नाही. त्यांची नावं मागवून घेतो. प्रत्येकाला भेट, खरा पत्ता घे, ठिपका त्या जागी टाक, आणि खात्री केली म्हणून प्रत्येक नावापुढे तुझी सही कर. मग मी दुरुस्ती पाठवतो."

म्हणून मी वही घेऊन मोआदोनमध्ये बसले. एवढं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही. सायमन अंकलना घर नंबर विचारला तर त्यांनी एका दमात पनवेलच्या चाळीचा पत्ता सांगितला, खोली नंबरासकट. रामल्याचा नंबर मात्र त्यांना खाली जाऊन दारावर बघून यावा लागला. हन्नामावशी तर चिडल्याच.

"कुठं राहता म्हंजे काय गो? ही काय तुझ्यासमोर बसलेय."

"तसं नाही मावशी. झोपता कुठं?"

"झोप लागतेय कुठं मला! शुक्रवार-शनिवार अश्दोदला लेकाकडं. नातवंडांना मराठीत विचारते, ती हिब्रूत उत्तर देतात, मग मी गप बसते. रविवारी हितं येते, भाचीच्या घरात माझी खोली आहे. कपडे हितं. गोळ्या हितं. डबा अश्दोदला ऱ्हायला. आता तूच सांग, मी कुठली?"

मी बोटांवर रात्री मोजल्या. रामल्यात पाच, अश्दोदला दोन. रामला लिहिलं. मावशींनी वहीत डोकावून बघितलं आणि मला म्हणाल्या, "बघ हां, चुकवू नको." आपण कुठे राहतो हे आपल्यापेक्षा मला जास्त कळत असावं, अशा विश्वासाने त्या बघत होत्या. मला रडू यायला लागलं होतं ते शरावामुळे की कशामुळे, सांगता येणार नाही.

एकेक ठिपका मी उचलून त्याच्या त्याच्या दारात नेऊन ठेवला. सगळे हद्दीत पडत होते. एकोणीस झाले, वीस झाले. एकविसावे पप्पा, ते आपल्या जागीच राहिले. मग संस्थेने पाठवलेल्या नावांच्या यादीतलं शेवटचं नाव मी वाचलं. लेआ. पुढे आमचं आडनाव. ते माझ्या आईचं नाव होतं. मोआदोन सुरू झाला तेव्हा ती होती, पप्पांनी आपल्याबरोबर तिचाही फॉर्म भरला होता.

पप्पांनी जगाची पत्रं लिहिली होती. कुणाची पेन्शन अडली, कुणाचा दवाखाना बदलला, कुणाचा नवरा गेला म्हणून नाव कमी करा, ही सगळी पत्रं त्यांच्या हातची. हे एकच त्यांनी लिहिलं नव्हतं.

मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. ते झडपा लावून अंधारात पंख्याखाली बसले होते. मी यादी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांना सांगावं लागलं नाही.

"अजून येतात पत्रं?" मी विचारलं.

"येतात की. हनुक्काच्या सणाच्या प्रोग्रामचं आलं, पिकनिकचं आलं. माझं एक, तिचं एक."

"मग तुम्ही काय करता?"

"वाचतो," पप्पा म्हणाले. "सगळे गेले की बसून वाचतो. पत्र आलंय तर वाचायला नको?"

आई धरली तर साठ होत होते, मोआदोन राहत होता, पप्पांचे सोमवार-गुरुवार राहत होते. नाही धरली तर एकोणसाठ. कुणी शोधायला येणार नव्हतं. एक सही करायची होती. मी तसंच बोलून दाखवलं.

"मी खोटं काही लिहिलं नव्हतं बाय," ते म्हणाले. "मी नुसतं लिहिलं नाही. तू सही करशील ते लिहिणं झालं."

"मग काय करू, पप्पा?"

"तुझं काम तू नीट कर. माझ्या तोंडाकडं बघू नको."

मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते. तिथे काही वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एकोणसाठ पाठवले. एकवीस नावांपुढे सह्या केल्या आणि बाविसाव्यापुढे 'मृत' असं लिहिलं. हा शब्द मी हिब्रूत शेकडो वेळा वाचला होता, लिहिला पहिल्यांदाच. मला वाटत होतं मी प्रामाणिकपणा करते आहे. मला असंही वाटत होतं की मी पप्पांच्या पायाखालची फरशी काढून घेते आहे. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं, आणि त्यातलं एकही दुसऱ्याला हटवत नव्हतं.

संस्थेचं उत्तर दोन दिवसांनी आलं. दोन ओळी. दुरुस्तीबद्दल आभार. साठ हा अंदाजे धरलेला आकडा होता, एकोणसाठ चालतील, मोआदोन चालू राहील. योसीने माझ्या पाठीवर थाप मारली. मी स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून उभी राहिले. अठ्ठावन्न असते तरी चालले असते बहुतेक. मी पहिल्यांदा केलेली चूक सांगितली असती आणि आईपुढे काहीच न लिहिता ती ओळ कोरी सोडली असती, तरी चाललं असतं. ज्या एका आकड्यासाठी मी रात्रभर तळमळले, तो कुणाला हवाच नव्हता.

मोआदोनमध्ये त्या सोमवारी पेढे वाटले. हन्नामावशींनी माझी दृष्ट काढली. पप्पाही सगळ्यांबरोबर हसले, चहा प्याले, पत्रं वाचली. मी सुटले असं मला वाटलं.

पुढे उन्हाळा सरला, रोश हाशानाच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, शुभेच्छांची पत्रं आली. संस्थेचं पप्पांना आलं. एकच. बाकीचेही सगळे आता आपापल्या पत्त्यावर गेले होते, त्यामुळे जिन्यातल्या पप्पांच्या टपालपेटीत दुसरं काही नव्हतंच. पूर्वी किल्ली फिरवली की पाकिटं अंगावर यायची. त्या दिवशी मी त्यांच्या मागेच जिन्यात उभी होते. त्यांनी पाकीट काढलं, खिशात ठेवलं आणि पेटीत पुन्हा एकदा हात घातला. तळापर्यंत. मग पेटी बंद केली, किल्ली लावली आणि तशीच धरून उभे राहिले.

"त्या तुझ्या नकाशावर," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "काढलेला ठिपका परत टाकता येतो काय गो?"

"येतो, पप्पा."

"तिचा टाकायचा म्हटलं तर कुठं टाकशील?"

मी तोंड उघडलं. घर डोळ्यांसमोर आलं, ठाण्याची खोली आली, गावाबाहेरची दफनभूमी आली, ती तर आमच्या हद्दीतही नव्हती. पप्पा माझ्या उत्तरासाठी थांबले होते, खरोखरच थांबले होते.